सांधलेलं खापर

पांढरी रेघ काठापासून सुरू होत होती. साडेतीन इंच सरळ खाली येऊन ती डावीकडे वळत होती आणि तुटलेल्या कडेला संपत होती. जाडीला ती गव्हाच्या दाण्याएवढीही नव्हती. खापराचा तुकडा तळहाताहून थोडा मोठा, बाहेरून तांबडा आणि आतून तेलानं काळा पडलेला. त्या काळ्यावर ही रेघ अशी उठून दिसत होती की झुबेदानं ती पाहताक्षणी ओळखली.

"हे काय आहे?" हव्वाबीनं विचारलं.

"खापर, अम्मा."

"ते मलाही दिसतंय. कुणाचं?"

झुबेदानं पुन्हा रेघेकडे पाहिलं. गेली तेरा वर्षं रोज सकाळी ती हीच रेघ पाहत आली होती. दाभोळच्या खाडीकाठच्या कुंभारानं घडवलेलं सासूबाईंचं, हव्वाबीचं, घावनाचं खापर झुबेदा लग्न होऊन घरात आली त्याच वर्षी तडकलं होतं. हव्वाबीनं चुना आणि गूळ खलून तो तडा स्वतःच्या हातानं सांधला होता. तेव्हाही आळ नव्या सुनेवरच आला होता.

"तुमच्यासारखंच दिसतंय," ती म्हणाली.

"सारखं? अगं, रांधून रांधून माझी बोटं झिजली त्याच्यावर, मला माझं खापर कळत नाही? मागच्या अंगणात मिळालं. लियाकतनं उपसलेल्या मातीत. पुरलंस तेव्हा वाटलं नसेल, की नवराच उकरून काढील!"

"मी नाही फोडलं, अम्मा. पुरायचं तर लांबच."

"मग काय उंदरांनी फोडून जनाजा काढला त्याचा?"

गेल्या नोव्हेंबरात गावाहून अरबस्तानच्या किनाऱ्यावर खोर फक्कानला एका हंगामापुरतं येताना हव्वाबीनं ते खापर दोन गोधड्यांत गुंडाळून आठ दिवस मांडीवर घेतलं होतं. लाँच कलंडली तर आधी खापर धरा, मग मला, असं तिनं खलाशांना सांगून ठेवलं होतं. पत्र्याच्या तव्यावरचं घावन तिला घावन वाटत नसे.

आज भांडण वाढवून चालणार नव्हतं. जहूर नाखव्याची लाँच समोर बंदरात नांगरून पडली होती आणि परवा पहाटे निघणार होती. दर्या बंद होण्याआधीची ही शेवटची फेरी. पुढची नारळी पौर्णिमेनंतर. तिच्यावर जाणाऱ्यांच्या यादीत चार नावं होती: हव्वाबी, तिची लेक बिलकीस, झुबेदा आणि झुबेदाची नऊ वर्षांची अन्वरी.

झुबेदानं एकदा हिशेब करून पाहिला होता. तेरा वर्षांच्या संसारात ती आणि लियाकत एका छपराखाली राहिले ते सगळे मिळून सतरा महिने, आणि त्यातले हे सहा आत्ताचे. नोव्हेंबरात बंदरावर उतरताना अन्वरी आईच्या पदराआड लपली होती आणि समोर उभ्या असलेल्या बापाला तिनं "चाचा" म्हणून सलाम केला होता. लियाकत हसला होता, पण त्या दिवशी तो जेवला नव्हता.

झुबेदाला जायचं नव्हतं. लियाकतलाही तिला पाठवायचं नव्हतं. फेब्रुवारीत तो म्हणाला होता, "मी भाईशी बोलतो." मार्चमध्ये म्हणाला, "बकरी ईद होऊन जाऊ दे." एप्रिलमध्ये म्हणाला, "भाईचा मूड बघून विषय काढतो." आणि मे उजाडल्यावर काही न बोलता त्यानं मागच्या अंगणात खणायला घेतलं. गोदामाचा पाया, असं त्यानं थोरल्या भावाला सांगितलं. पण आठ फूट बाय सात फुटांचं गोदाम कुणी बांधत नाही, आणि गोदामाच्या कोपऱ्यात धुरासाठी जागा कुणी सोडत नाही. ती रांधायची खोली होती, हे झुबेदानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. बोलणं जमत नव्हतं म्हणून तिचा नवरा खणत होता.

तेवढ्यात पुढच्या दारातून लियाकतचा थोरला भाऊ नूरुद्दीन आत आला. बंदरावर दोरखंड, कंदील आणि तांदूळ विकणारं त्याचं दुकान दुपारी दोन तास बंद असे. बरोबर जहूर होता, पिकल्या दाढीचा, पायात कधी चप्पल न घालणारा.

"अस्सलाम अलैकुम. अम्मा, जेवण झालं की जहूरचाचांना लिस्ट पक्की करून द्यायची आहे. कस्टमवाला आज संध्याकाळीच कागद मागतोय."

"जेवण कसलं घेऊन बसलास! आधी हे बघ." हव्वाबीनं तुकडा त्याच्या नाकासमोर धरला. "तुझ्या भावजयीनं माझं खापर फोडलं आणि कुणाला कळू नये म्हणून पुरलं."

नूरुद्दीन झुबेदाशी थेट बोलत नसे. जेठ आणि धाकटी भावजय यांच्यात या घरात अजून तो पडदा होता. तो बोलायचा अम्माशी, ऐकायचं झुबेदानं.

"अम्मा, मी काय सांगत होतो?" तो शांतपणे म्हणाला. तो नेहमीच शांतपणे बोलायचा, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालणं अवघड होतं. "बायकांची ही जागा नाही. पाणी विकत, सरपण विकत, वारा पेटलेल्या भट्टीसारखा. माणूस कावतो. हातून वस्तू पडते, मग खोटं बोलावं लागतं. गावी गेलं की सगळं ठीक होईल. अब्बा उगाच म्हणत नव्हते, आपल्या घराण्यातल्या बाया दर्यापार राहत नाहीत."

"तिनं फोडलेलं नाही," मागच्या दारातून आवाज आला. लियाकत उभा होता, घामानं निथळत, कोपरापर्यंत राखाडी मातीनं माखलेला. बंदरातल्या लाँचांची इंजिनं दुरुस्त करणारा हा माणूस एरवी कायम ग्रीसनं काळा असायचा; राखाडी रंगात तो कुणी दुसराच वाटत होता. "हा तुकडा मी सकाळी काढला, अम्मा. कमरेएवढ्या खोल. तिथं हिनं कधी पुरला असेल?"

"बायकोची बाजू घे तू. अजून काय करणार!"

"बाजू नाही घेत. खोली सांगतोय."

"मग माझं खापर गेलं कुठं? कालपासून चुलीपाशी नाही ते!"

"गाठोड्यात आहे, मी कालच बांधून ठेवलं," बिलकीस म्हणाली.

ती पाण्याच्या टाकीवरून धुणं घेऊन आली होती आणि दारातच थबकली होती. तेवीस वर्षांची, रत्नागिरीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, या घराण्यातली पदवी घेतलेली पहिली मुलगी. ओले कपडे तिनं तसेच झुबेदाच्या हातात दिले, कोपऱ्यातलं गाठोडं ओढलं, गाठ सोडली, एक गोधडी उलगडली, दुसरी उलगडली.

खापर अखंड होतं. तांबडं, आतून काळं, काठावर धरायला दोन बाजूंनी दाबलेल्या चिमटी, आणि काठापासून खाली येणारी पांढरी रेघ.

हव्वाबीनं एका हातात खापर घेतलं, दुसऱ्यात तुकडा होताच. तिनं हे पाहिलं, ते पाहिलं. मग तुकड्याच्या काठावरून तिचं बोट फिरत गेलं आणि एका जागी थांबलं. तिथंही चिमट होती.

पहिला हसला जहूर. "हव्वाबी, आता तुमच्या सुनेनं दोन खापरं फोडली म्हणा की! एक इथं, एक जमिनीच्या पोटात!"

"गप रे," हव्वाबी म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "हे माझं नाही. पण... हे माझंच आहे. कसं असेल?"

"लियाकतभाई, कुठून काढलं ते दाखव," बिलकीस म्हणाली. "आत्ता. यल्ला!" आणि भाभीच्या शिवणाच्या डब्यातली फीत उचलून ती मागच्या अंगणात पळालीसुद्धा.

जेवण राहिलं. मे महिन्याच्या भर दुपारी, सावलीसाठी टाकलेल्या एका झापाखाली, सगळं घर त्या खड्ड्याभोवती गोळा झालं. बिलकीस ओचा खोचून आत उतरली आणि खड्ड्याच्या भिंतीला फीत लावू लागली.

"वरची वाळू, नऊ इंच. त्याखाली पडलेल्या भिंतीचे दगड, सव्वा फूट. आणि हे बघा, हा पिवळट पट्टा. हात लावून बघा भाई, पिठासारखा आहे. डोंगरातल्या ओढ्याला पूर आला असणार, त्याचा गाळ. अकरा इंच. त्याखाली राख. तुकडा राखेत होता ना?"

"राखेतच," लियाकत म्हणाला. "त्याच्याजवळ माशाचे काटे होते, शिंपले, खजुराच्या बिया."

"आता मुद्दा असा. कुणी खड्डा करून तुकडा पुरला असता तर हा पिवळा पट्टा तिथं तुटला असता. वरची माती खाली गेली असती. पट्टा चारही बाजूंनी सलग आहे. म्हणजे आधी राख, मग तुकडा, मग पूर, मग भिंत, मग ती पडली, मग वाळू. भाभी, तुम्ही निर्दोष!"

झुबेदा हसली.

"किती जुनं म्हणायचं मग?" जहूरनं उकिडवं बसत विचारलं.

बिलकीसनं खांदे उडवले, पण लियाकत खिशात हात घालत होता. त्यानं चिनी मातीचा एक तुकडा काढला, नखाएवढा पातळ, पांढरा, त्यावर निळ्या फुलाची अर्धी पाकळी. "हा काल त्याच राखेत मिळाला. भाई, गेल्या थंडीत ती इंग्रज बाई आली होती, आठवतं? किनाऱ्यावर खापऱ्या वेचत फिरायची. आपल्या दुकानात बसून चहा प्यायली."

"आठवतं. आपल्याच अंगणातला कचरा आपल्याला दाखवत होती."

"तिनं असेच तुकडे दाखवले होते. म्हणाली, असली निळी फुलं पोर्तुगीज यायच्या आधीची. साडेचारशे, पाचशे वर्षांपूर्वी इथं मोठं बंदर होतं, घोडे जायचे, कापड यायचं."

"ते तर माझा आजासुद्धा सांगायचा," जहूर म्हणाला. त्याचे डोळे चमकू लागले होते. "बहमनी सुलतानांच्या वेळी दाभोळहून गलबतं सुटायची. तांदूळ, मिरी, कापड घेऊन हुरमुजला. आणि येताना घोडे. आजा म्हणायचा, अर्ध्या दाभोळला आखाताची वाट झोपेतही सापडायची. आम्ही म्हणायचो, म्हातारा गप्पा हाणतोय."

"पाचशे वर्षं!" हव्वाबीनं हातातल्या तुकड्याकडे असं पाहिलं जसं तो गरम झाला असावा. "आणि तेव्हाही चुन्यानं सांधत होते?"

"चुनाच आहे का ते बघता येईल," बिलकीस म्हणाली. "भाभी, लिंबू आहे?"

झुबेदा धावत जाऊन वाळलेली ओमानी लिंबं आणि एक ताजं लिंबू घेऊन आली. बिलकीसनं ताजं घेतलं. आधी तिनं तुकड्याच्या साध्या, रेघ नसलेल्या जागी दोन थेंब पिळले. काही झालं नाही. मग रेघेवर दोन थेंब. सगळी डोकी एकमेकांवर आपटायच्या बेतात आली. रेघेवर अगदी बारीक, मोहरीच्या दाण्याहून लहान बुडबुडे उठले आणि फुटले.

"फसफसलं!" अन्वरी ओरडली.

"थांब. घाई नको." बिलकीस स्वतःलाच समजावत असावी. "शिंपल्यांच्या मातीतही चुना असतो. मातीतून खापरात मुरला असता तर सगळीकडे लागला असता. इथं फक्त तड्यात आहे. म्हणजे कुणीतरी तो भरलाय. एवढं म्हणता येतं."

"गूळ?" हव्वाबीनं विचारलं.

"गुळाचं नाही सांगता येत, अम्मा. गूळ कधीच विरून गेला असेल."

"गुळाशिवाय चुना धरतच नाही," हव्वाबी म्हणाली. तो विषय तिच्यापुरता संपला.

झुबेदा केव्हा खड्ड्यात उतरली ते तिचं तिलाही कळलं नाही. जेठासमोर पदर डोक्यावर ठेवायला हवा होता, तो खांद्यावर आला होता. पायाखालची राख पाच शतकांनंतरही मऊ होती. ती बोटांनी उकरू लागली. एक काटा, एक बी, पुन्हा बी. मग काहीतरी टोचलं. काच होती. हिरवी, त्यावर पिवळे ठिपके, किंचित वळलेली.

"बिलू, हे बघ. बांगडी."

तुकडा जेमतेम पाव बांगडीचा होता. झुबेदानं तो वर धरला, मग अन्वरीला खड्ड्याच्या कडेशी बोलावून तिच्या मनगटावर टेकवला. काचेची गोलाई मनगटाच्या गोलाईवर चपखल बसली.

"पोरीची आहे," झुबेदा म्हणाली. "एवढ्याच पोरीची."

आता लियाकतही खाली उतरला आणि तिघं मिळून राख चाळू लागली. आणखी दोन बांगड्यांचे तुकडे निघाले, एक मोठ्या हाताचा. जहूर वरून सूचना देत होता, अन्वरी मोजत होती, आणि हव्वाबी दर तुकड्याला "सुभानल्लाह" म्हणत होती. त्या गडबडीत बिलकीस कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि जे बोलायचं ते बोलून मोकळी झाली.

"म्हणजे इथं आपल्याकडच्या बायका राहत होत्या. पोरीबाळींसकट. भाई, दर्यापार बायका राहत नाहीत ही आपली रीत फार जुनी नसावी."

सगळे थांबले. नूरुद्दीन आतापर्यंत थोडा बाजूला, झापाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं धाकट्या बहिणीकडे पाहिलं, मग भावाकडे, मग त्या आठ बाय सात फुटांच्या खड्ड्याकडे. खड्ड्याच्या कोपऱ्यावर त्याची नजर जरा जास्त वेळ थांबली.

"हे गोदाम नाही," तो म्हणाला.

लियाकत पायानं राख सारखी करू लागला.

"मला वाटलंच होतं. ठीक आहे. पण बिलू, तू शिकलेली आहेस, तर नीट विचार कर. बांगड्या म्हणजे काय? माल. मी दुकानात दोरखंड ठेवतो, पाचशे वर्षांनी कुणी उकरलं तर म्हणेल का, इथं सगळे फास लावून घेत होते? व्यापाऱ्यानं बांगड्या विकायला आणल्या. काही फुटल्या. फेकल्या."

"आतून घासलेल्या आहेत, भाई. न वापरता कशा घासतील?"

"इथल्याच एखाद्या अरब पोरीनं वापरल्या असतील. विकल्या म्हणजे कुणीतरी वापरणारच."

बिलकीसनं काचेचा तुकडा पुन्हा निरखला. आक्षेप बरोबर होता, आणि बरोबर आक्षेपाला खोटं उत्तर देणं तिच्या स्वभावात नव्हतं. "हो," ती म्हणाली. "तसं असू शकतं."

"आणि खापर. गलबतावर भंडारी असतो ना रांधायला? जहूरचाचा, तुमच्या लाँचवर कोण रांधतं?"

"पुरुषच रांधतो," जहूर नाइलाजानं म्हणाला. "आणि वाईट रांधतो."

"झालं तर मग. खलाशी आले, उतरले, खापर घेऊन आले, घावनं खाल्ली, फुटलं, टाकून दिलं, निघून गेले. बाया गावीच होत्या. अम्मासारख्या, कुबरासारख्या." बायकोचं नाव घेताना नूरुद्दीनचा आवाज किंचित बदलला. कुबरा लग्नानंतरची अठरा वर्षं गावच्या घरी होती; या खेपेलाही घर राखायला तीच मागं राहिली होती. नूरुद्दीन दर दोन वर्षांनी दोन महिने जायचा आणि एरवी दुकानातल्या फळ्यांवर झोपायचा. "अब्बांनी घालून दिलेलं मी पाळलं. लियाकतनंही पाळावं. एकाला एक आणि दुसऱ्याला एक असं घरात होत नसतं. खलास. चला, जेवूया."

लियाकतनं फावडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. झुबेदाला वाटलं, आता तो बोलेल.

"खलाशी खापर सांधत नाही," हव्वाबी म्हणाली.

ती खड्ड्याच्या कडेला मातीतच बसली होती. दोन्ही खापरं तिच्या मांडीवर होती, एक कालचं आणि एक त्या काळचं.

"काय म्हणालीस, अम्मा?"

"म्हटलं, खलाशी खापर सांधत नाही. फुटलं की दर्यात टाकतो आणि बंदराला नवं घेतो. जहूर, सांग याला. तुझा भंडारी चुना खलत बसतो का?"

"तोबा! तो पेला विसळत नाही."

"सांधते कोण? जिला दुसरं मिळायची खात्री नाही ती. आधी चुना भिजत घालायचा, गूळ किसायचा, खलायचं, भरायचं, चार दिवस सावलीत ठेवायचं. आणि ते चार दिवस घरातल्यांना कशावर करून घालायचं त्याची वेगळी चिंता. बंदराला आठ दिवस आलेला माणूस हे करील? हे जिचं घर होतं इथं, तिनं केलंय. चूल होती, पोर होती, आणि तिच्या कुंभाराचं गाव दर्याच्या पलीकडे होतं." हव्वाबीनं तुकड्याच्या चिमटीवर अंगठा दाबला. तो नेमका बसला. "बिलू काय म्हणते ते मला कळत नाही. मला हे कळतं. मी उगाच नाही माझं समजले."

नूरुद्दीननं त्या अंगठ्याकडे पाहिलं. "असेल. कुणी एक आली असेल. पण अब्बा म्हणायचे..."

"तुझे अब्बा तसं कधीच म्हणाले नाहीत."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली, की नूरुद्दीनला ते आधी ऐकूच आलं नसावं. तो तसाच तिच्याकडे पाहत राहिला.

"मी म्हणायचे, त्यांच्या नावावर. ते इथं होते, तुम्ही गावी माझ्यापाशी. खरं-खोटं करायला येणार कोण? आणि तुम्ही इथं यायच्या आधीच ते गेले."

"अम्मा!"

"ऐक. तू दहा वर्षांचा होतास. युसुफमियांचं, तुझ्या अब्बांचं, पत्र आलं. मौलवींनी वाचून दाखवलं. लिहिलं होतं, खोर फक्कानला दोन खोल्या मिळाल्यात, आंब्याची झाडंसुद्धा आहेत इथं, पोरांना घेऊन ये. मौलवी म्हणाले, जबाब काय लिहू? मी म्हटलं, लिहा, पावसाआधी कौलं शाकारली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच पत्र. मी लिहिलं, म्हैस व्याली. तिसऱ्या वर्षी पुन्हा. मी काय लिहिलं ते आठवत नाही. चौथ्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर कधीच नाही."

झापाची पाती वाऱ्यानं वाजत होती. अन्वरी आईला चिकटून उभी होती.

"नको होतं तर तसं लिहायचंस," लियाकत हळूच म्हणाला.

"नको होतं असंही नव्हतं रे. सासू त्याच साली गेली होती. घराच्या किल्ल्या नुकत्या माझ्या कमरेला आल्या होत्या. गावी मी हव्वाबी होते. इथं कोण? दोन खोल्यांतली कुणा कारकुनाची बायको. मनात यायचं, जाऊ. आणि मनात यायचं, या किल्ल्या कुणाच्या हाती देऊ? होय म्हणवेना, नाही म्हणवेना. मग तुम्ही विचारायला लागलात, अम्मा आपण का नाही जात? मी म्हटलं, तुमच्या अब्बांना चालत नाही. एकदा म्हटलं की ते पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं. नोव्हेंबरात इथं त्यांच्या कबरीवर गेले, तर कबरस्तानच्या भिंतीआड खरंच आंब्याची झाडं होती. तोपर्यंत मला वाटायचं, आंब्याची ते थापच मारत होते."

नूरुद्दीन खाली बसला. जागा न पाहता बसला, तो मातीच्या ढिगावरच. स्वच्छ पांढरा सदरा राखेनं भरला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"अठरा वर्षं, अम्मा," तो म्हणाला. "कुबरानं लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं, मी येऊ का. मी सांगितलं, अब्बांचा हुकूम आहे. ती पुन्हा बोलली नाही. मला वाटलं, तिला पटलं."

"तिला पटलं नव्हतं," झुबेदा म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं, की आपण जेठांशी बोललो. पण थांबायची वेळ निघून गेली होती. "कुबराभाभी दर लाँचच्या वेळी ट्रंक उन्हात घालतात. कपड्यांना कसर लागते म्हणतात. तुमची पत्रं आली की दोन दिवस ती उघडी असते. मग बंद करतात."

नूरुद्दीननं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. रागानं नव्हे; एखादा हरवलेला हिशेब भलत्याच माणसाकडे सापडावा तसं.

"जहूरचाचा," मग तो म्हणाला, "माझं एक पत्र न्याल?"

"दहा न्या म्हण."

"एकच. पण तिच्या हातात द्या. मौलवींच्या नको. ती वाचते आता, बिलूनं शिकवलंय." त्यानं घसा साफ केला. "त्यात हुकूम नसेल, म्हणावं. विचारलंय, म्हणावं. तिनं नाही म्हटलं तरी... तरी तसं लिहून पाठव म्हणावं. कौलांचं नको."

हव्वाबीनं मान खाली घातली. बिलकीस जाऊन तिच्याशेजारी बसली आणि तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिला मोजायला काही उरलं नव्हतं.

जहूर उठून उभा राहिला. माणूस मऊ होता, पण परवा पहाटेची भरती कुणासाठी थांबणार नव्हती. त्यानं कमरेच्या पट्ट्यातून घडी घातलेला कागद आणि शिसपेन्सिल काढली.

"पत्र नेतो. ते झालं. पण कस्टमवाल्याला आज आकडा हवा. माणसं किती? चार लिहिलीत मी. चारच ना?"

सगळ्यांनी लियाकतकडे पाहिलं. नूरुद्दीननंही पाहिलं, आणि या वेळी त्याच्या नजरेत मनाई नव्हती. दार उघडं होतं, फक्त कुणीतरी त्यातून आत यायचं होतं. लियाकतनं मातीचे हात पायजम्याला पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले.

"तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "म्हणजे भाईची हरकत नसेल तर... दोन दिवसांत परमिटचंही बघावं लागेल... बघू, इन्शाल्लाह, संध्याकाळपर्यंत..."

झुबेदानं त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याचा राग आला नाही. हा माणूस दहा दिवस एकट्यानं दगड उपसत होता; त्याच्याकडे शब्द तेवढे नव्हते. मग तिनं हव्वाबीकडे पाहिलं. हव्वाबीनं होयही म्हटलं नाही आणि नाहीही. ती फक्त वाट पाहत होती, जशी तिनं आजवर कुणाच्या उत्तराची पाहिली नव्हती.

झुबेदा खड्ड्यातून वर आली. अन्वरीचा हात तिनं हातात घेतला आणि जहूरसमोर जाऊन उभी राहिली.

"जहूरचाचा, दोनच माणसं लिहा," ती म्हणाली. "मी आणि अन्वरी जात नाही. आम्ही इथं राहणार."